झेंगटाची फाइल

पट्टीकाकांनी आयुष्यात कुठलीच गोष्ट अंदाजाने केली नाही. पंप बनवणाऱ्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात बत्तीस वर्षं काढलेला माणूस तो. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी सहा इंची स्टीलची पट्टी सदऱ्याच्या खिशातून हलली नव्हती, आणि त्यांचं खरं नाव काय होतं हे इमारतीतले लहानथोर केव्हाच विसरले होते. भिंतीवर खिळा ठोकायचा तरी काका आधी कागदावर भिंत काढत. काकू, म्हणजे त्यांची बायको, लग्नानंतर पहिल्याच महिन्यात म्हणाली होती, "तुम्ही तुमचा नकाशा पुरा करा, तोवर मी शेजारून हातोडी आणून फोटो लावते." आणि लावलाही. तो किंचित डावीकडे कललाय, हे काका आजही पाहुण्यांना सांगतात.

तर अशा माणसाने उभ्या आयुष्यात एकच वस्तू न मोजता, न आखता, कुठे काही न लिहिता, हाताला येईल ते घेऊन बनवली. आणि नेमकी तिचीच फाइल मागितली गेली. असतं एकेकाचं नशीब!

वस्तू होती डोळ्यांत औषधाचे थेंब टाकायची. काकांची थोरली बहीण अक्का समोरच्या इमारतीत तळमजल्यावर एकटी राहते. वय एकाहत्तर. तिच्या डोळ्यांतला दाब वाढलेला, म्हणून सकाळ-संध्याकाळ दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब, तोही जन्मभर. थेंब चुकले तर नजर हळूहळू जाईल आणि गेलेली परत यायची नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. पंचाईत अशी, की अक्काचे हात कापतात. बाटली डोळ्यावर धरली की थेंब कपाळावर, गालावर, कानात, एकदा तर मांडीवरच्या वर्तमानपत्रावर. म्हणून काका रोज सकाळी आठला आणि संध्याकाळी आठला रस्ता ओलांडून जात आणि थेंब टाकून येत. पण एकदा काका तापाने आडवे झाले, त्याच आठवड्यात काकूंचा पाय मुरगळला, आणि अक्का कुणाला काही न बोलता गप्प बसून राहिली. तीन दिवस थेंब चुकले.

ही बातमी फोनवरून तिच्या मुलाला कळली आणि भाचेबुवांनी फर्मान काढलं: आई आता माझ्याकडे येणार, कायमची. पुढच्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी टेम्पो घेऊन येतो. भाचा राहतो दुसऱ्या शहरात, अकराव्या मजल्यावर. नवरा-बायको दोघंही दिवसभर कामाला.

अक्काला जायचं नव्हतं. तिचं दार थेट रस्त्यावर उघडतं. दारात खुर्ची टाकून बसली की येणारा-जाणारा दोन शब्द बोलल्याशिवाय पुढे सरकत नाही. कोणाची पोरगी कितवीत गेली, कोणाचं दुखणं कुठवर आलं, सगळं तिला ठाऊक. "तिथं मी काय करू रे छोट्या?" तिने काकांना विचारलं. काका त्रेसष्ट वर्षांचे आहेत, पण तिच्यासाठी छोट्याच. "डोळे राहतील, पण बघू काय? ढग?" आणि तिचे डोळे भरून आले. काकांना ते बघवेना. ते घरी आले आणि पट्टीला हातही न लावता कामाला लागले.

सतरा-अठरा दिवसांत वस्तू तयार झाली. काचा काढलेली चष्म्याची चौकट. तिच्यावर एक छोटं कडं, त्यात औषधाची बाटली उलटी बसते. उजवीकडे एक दांडी. ती हलकेच दाबली की बाटलीच्या पोटाला चिमटा बसतो आणि एकच थेंब पडतो. चष्मा लावायचा, मान मागे टाकायची, दांडी दाबायची. मग कडं दुसऱ्या डोळ्यावर सरकवायचं. काकांनी तिचं नाव ठेवलं 'नेत्रबिंदु-सुलभ-पातन-यंत्र'. काकू तिला झेंगट म्हणत.

झेंगट अक्काला दिलं आणि काय सांगावं, जमलं की! काका आठला जात तेव्हा अक्काचे थेंब टाकून झालेले असत आणि ती डोळे मिटून पडलेली असे. "चाललंय ना नीट?" "चाललंय की!" डॉक्टरांनी दाब तपासला, तोही एकदम ठीक. काकांनी छाती काढून भाच्याला फोन लावला. आता टेम्पो रद्द कर म्हणावं.

भाच्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. हा भाचा हॉस्पिटलची उपकरणं बनवणाऱ्या एका कंपनीत तपासणी विभागात आहे. तिथे दिवसभर लोकांना 'नाही' म्हणणं हे त्याचं काम, आणि ते तो फार मन लावून करतो.

"छान आहे मामा," तो म्हणाला. "फाइल कुठाय?"

"कसली फाइल?"

"डिझाइनची. गरज काय होती, कोणाची होती, काय काय करून बघितलं, काय फसलं, का फसलं, कोणी तपासलं, काय इजा होऊ शकते. सगळं तारीखवार आणि सहीनिशी."

"अरे, पण ते काम करतंय! डॉक्टरांना विचार."

"करतंय हे कळलं. का करतंय ते कळायला हवं. उद्या का करेनासं झालं तेही कळायला हवं. आईच्या डोळ्याशी जाणारी वस्तू आहे मामा. आमच्याकडे फाइल नाही म्हणजे वस्तूच नाही."

काकांना हे फार लागलं. ज्या कार्ट्याला खांद्यावर बसवून आपण गावभर मिरवलं, ज्याला कंपास धरायला शिकवलं, तो आता आपल्याकडे सहीनिशी कागद मागतो! पण सौदा ठरला. टेम्पोच्या रविवारपर्यंत फाइल पुरी झाली आणि तपासणीत पास झाली, तर अक्का राहील. नाहीतर टेम्पो भरायचा. भाच्याने कोऱ्या फॉर्मांचा एक गठ्ठा कुरियरने धाडून दिला.

काकांनी मनात म्हटलं, कागदच हवेत ना? बत्तीस वर्षं आम्ही दुसरं केलं काय! चार दिवस ते जेवायच्या टेबलावरून उठले नाहीत. घरच्यांनी ताट मांडीवर घ्यायचं. सेहेचाळीस पानं झाली. अक्षर असं, की छापखान्याने लाजावं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत यंत्राची संकल्पना सुचते, वाढते आणि सिद्धीस जाते, वाटेत तिला साधी ठेचही लागत नाही.

इमारतीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाई लाल पेन घेऊनच आल्या आणि "काका, 'सदर' हा शब्द एका पानात अकरा वेळा आलाय" म्हणून चार पानं परत लिहायला लावली. इमारतीचे सचिव आले. त्यांना पाण्याची टाकी धुवायची झाली तरी ठराव लागतो. ते म्हणाले, "काका, बैठक कुठाय? बैठकीशिवाय कागदाला वजन नाही. आढावा बैठक दाखवा, गेल्या महिनाअखेरची. आम्ही सह्या करतो." काकांनी आढावा बैठक दाखवली. सूचक सचिव, अनुमोदक मुख्याध्यापिकाबाई. चहापानानंतर बैठक संपली असंही लिहिलं, म्हणजे खरं वाटावं.

फाइल गेली. तिसऱ्या दिवशी भाच्याचा फोन आला. काकूंचे हात भांड्यांत अडकलेले, म्हणून त्यांनी कोपराने फोन घेतला तो असा, की बोलणं स्पीकरवरून सगळ्या घराला ऐकू जावं.

"मामा, अक्षर सुंदर आहे."

"मग!"

"पण नापास."

काकांनी खुर्ची ओढून घेतली.

"सगळ्या पानांना एकच शाई. कुठे खाडाखोड नाही. एकही प्रयत्न फसलेला नाही. मामा, असं यंत्र जगात कोणी बनवलेलं नाही. आणि एकतीस तारखेला बैठक झाली म्हणता. तुमच्याकडे त्या महिन्याला एकतीस दिवस होते?"

मागून काकूंच्या हातातलं पातेलं खाली पडल्याचा आवाज आला. त्या हसत होत्या.

"खरं घडलं ते लिहा," भाचा म्हणाला. "चुका लिहा. मला चुकाच वाचायच्यात." आणि त्याने फोन ठेवला.

आता हे दुखणं तुम्हा-आम्हाला कळायचं नाही. काकांच्या ड्रॉइंग ऑफिसात चूक झाली तर ब्लेडने हलक्या हाताने कागद खरवडायचा, नखाने घोटायचा आणि वरून नवी रेघ ओढायची, अशी रीत होती. मोठे साहेब कागद खिडकीशी धरून उजेडात बघत. खरवडल्याची खूण दिसली तर तो कागद सगळ्या ऑफिसादेखत परत यायचा. काकांचा बत्तीस वर्षांत एकही कागद परत आला नव्हता. खरवडण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, इतकाच त्याचा अर्थ. आणि आता त्याच माणसाने आपल्या चुका सुवाच्य अक्षरात, क्रमांक घालून, बहिणीच्या मुलाला पाठवायच्या? काका दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी बोलले ते एवढंच, की मला काही आठवत नाही.

"मला आठवतंय ना!" काकू म्हणाल्या. त्यांनी स्वयंपाकघरातलं भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यावरून काढलं आणि चष्मा लावून टेबलाशी बसल्या. या कॅलेंडरावर काकू दूधवाल्याचे खाडे लिहितात हे काकांना माहीत होतं. त्याच चौकोनांत गेला महिनाभर त्यांच्याविरुद्ध पुरावा गोळा होतोय याची त्यांना कल्पना नव्हती.

"घ्या लिहून. तारीख तीन. चहाची गाळणी नेली. जाळी कापली."

काका खाकरले. "बाटली तिच्या कड्यात बसवून बघायची होती. बसलीही. पण कडं नाकाला लागलं की शिंक यायची."

"लिहा की मग! शिंक यायची. तारीख सहा. लिंबू पिळायचा चिमटा."

"बाटली दाबायला. एका दाबात अर्धी बाटली रिकामी झाली."

"नऊ. कपड्यांचे चिमटे, पाच."

"स्प्रिंग फार कडक."

"अकरा. बटाट्यावर डोळे काढले. भाजीला घेतला तर माझ्याकडे टक लावून बघत होता. चौदा. माझा जुना चष्मा, न विचारता. सतरा. ह्यांच्या नाकात पाणी गेलं, दोन तास शिंका." त्या चौकोनात पुढे बारीक अक्षरात 'बरं झालं' असं लिहिलेलं होतं. ते काकूंनी वाचलं नाही, पण काकांनी वाचलं.

पहिले तीन-चार प्रयत्न लिहिताना काकांच्या कपाळावरची आठी हलली नाही. पण गंमत अशी, की पाचव्यापाशी त्यांचा हात सैल सुटला. चिमटा कुठल्या कोनात फसला हे दाखवायला त्यांनी एक छोटी आकृती काढली. मग लिंबाच्या चिमट्याचा उभा छेद काढला. मग बटाट्याचा, दोन्ही डोळ्यांसकट. पट्टी खिशातून बाहेर आली. "अहो, मी हे कडं दहाव्या वेळी का बदललं सांगू?" असं ते आपणहून काकूंना सांगू लागले, आणि काकू भाजी निवडता निवडता "का हो?" म्हणू लागल्या. सगळे मिळून सतरा प्रयत्न निघाले. त्यातले सोळा फसलेले. बायको इतकं ऐकतेय म्हणजे विषय भारी असला पाहिजे, असं काकांना वाटलं आणि ते दिवसभर खुशीत होते.

नंतर आला धोक्यांचा फॉर्म. काय इजा होऊ शकते, किती गंभीर, कितीदा, आणि त्यावर उपाय काय. काकांनी एकच ओळ लिहिली: 'कोणताही धोका संभवत नाही.' मग वस्तू टेबलावर ठेवली आणि शेजाऱ्यांना बोलावलं, की बघा, तुम्हीच सांगा. शेजाऱ्यांना आजवर कोणी इतक्या प्रेमाने खोड काढायला बोलावलं नव्हतं. त्यांनी फॉर्मच्या मागची बाजूही भरून काढली.

सचिव म्हणाले, यावर कोणी बसेल. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, चौकट घसरली तर बाटलीचं टोक डोळ्यात जाईल. काका उसळून म्हणाले, "घसरेलच कशी?" बाईंनी ती नाकावर ठेवली, वर्गात पोरांकडे बघावं तसं सगळ्यांकडे एकवार बघितलं, आणि ती घसरली. खालच्या औषधाच्या दुकानवाल्याने तर कहर केला. त्याने खिशातून एक बाटली काढून कड्यात बसवली, ती अगदी माप घेतल्यासारखी बसली. "ही कानात टाकायच्या औषधाची," तो म्हणाला. "अक्कांकडे दोन्ही एकाच डब्यात असतात. मीच देतो ना!"

काका ताडकन उठून आतल्या खोलीत गेले. तासाभराने बाहेर आले तेव्हा कड्याला आतून एक दात होता, डोळ्यांच्या औषधाच्या बाटलीच्या गळ्यावरच्या खाचेत बसणारा. आता तीच बाटली तेवढी बसत होती, दुसरी कुठलीच नाही. चौकटीला बोटभर उंचीचा अडसर आला होता, म्हणजे टोक डोळ्यापर्यंत पोचणारच नाही. औषधवाल्याकडे न बघता काका म्हणाले, "सही करा इथं. तारीख घाला. आजची." आणि मग जरा हळू आवाजात, "बरं झालं सांगितलंत." सचिवांचा धोकाही त्यांनी नोंदवला. उपाय म्हणून लिहिलं: 'डबी.'

राहिली शेवटची पायरी. भाच्याने फॉर्मवर जाड अक्षरात छापलं होतं: वस्तू वापरणाऱ्याच्या हातात द्यावी. काहीही सांगू नये. नुसतं बघावं आणि दिसेल ते लिहावं. आता पट्टीकाका आणि काहीही सांगू नये! हे जमणार नाही हे काकूंना माहीत होतं. रस्ता ओलांडतानाच त्यांनी काकांच्या दातांत एक पेन्सिल दिली आणि म्हणाल्या, "पडली तर याद राखा."

सकाळचे आठ वाजले होते. अक्का काकांकडे बघून घुटमळली. "तू आज थांबणारेस?" काकांनी पेन्सिलीसकट मान हलवली. अक्काने सुस्कारा टाकला. मग ती पलंगावर चक्क उताणी झोपली. चौकट हातात घेतली, वरची बाजू खाली केली, उजवीकडची दांडी डावीकडे आणली, आणि ते सगळं प्रकरण उलटं करून डोळ्यांवर ठेवलं. दोन्ही कोपरं गादीवर टेकवली. हात कापायचे थांबले. डाव्या अंगठ्याने दांडी दाबली. टप्. एक थेंब, बरोबर डोळ्यात. कडं सरकवलं. टप्. दुसरा.

पेन्सिल खाली पडली.

"अगं, उलटं आहे ते!"

"माहीत आहे मला."

"मान मागे टाकून, बसून..."

"बसून माझा हात थरथरतो रे. आणि उजवा जास्त. झोपलं की कोपरं टेकतात."

काकांनी तिला आपल्या पद्धतीने करायला लावलं. औषध वाया जाऊ नये म्हणून रिकाम्या बाटलीत साधं पाणी भरून दहा वेळा. चार थेंब डोळ्यात, पाच गालावर, एक काकूंच्या अंगावर. मग अक्काच्या पद्धतीने दहा वेळा. दहाच्या दहा डोळ्यात.

"पहिल्या दिवसापासून असंच?" काकांनी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

अक्काने पदराने गाल पुसला. "तू किती खुशीत होतास रे छोट्या. निवृत्त झाल्यापासून तुला इतकं खूश बघितलं नव्हतं मी. म्हटलं, माझे थेंब तर पडतायत."

काका घरी आले आणि फाइल उघडून बसले. खोटं कशाला बोलू, पहिला विचार त्यांच्या मनात आला तो ब्लेडचा. एवढी एक गोष्ट नाही लिहिली तर कोणाला कळणार होतं? यंत्र त्यांचं, सतरा प्रयत्न त्यांचे, नाकात पाणीही त्यांच्याच गेलेलं, आणि शेवटी ते चाललं कशामुळे, तर म्हातारीने उलटं धरलं म्हणून! काकूंनी चहा समोर ठेवला. काकांनी तो संपवला, पेन उचललं आणि लिहिलं: 'प्रयत्न अठरावा. वापरणाऱ्या व्यक्तीने यंत्र उलटं करून, झोपून वापरलं. तिचं बरोबर, माझं चूक. दांडी डावीकडे घ्यावी, चौकट त्याप्रमाणे बदलावी. रचनाकार: अक्का.' आणि सही केली. लिहून झाल्यावर आपल्याला इतकं हलकं का वाटतंय हे त्यांना कळेना. त्यांनी आणखी एक चहा मागितला.

रविवारी भाचा आला. दाराशी टेम्पो, टेम्पोत पंधरा-वीस रिकामी खोकी. त्याने आईला नमस्कार केला, मामांना नमस्कार केला आणि फाइल मागितली. दोन तास तो वाचत होता. बटाट्यापाशी त्याचा खांदा हलला, बस्स. अठराव्या प्रयत्नाचं पान त्याने दोनदा वाचलं आणि मामांकडे वर बघितलं. मग आईला काही न सांगता वस्तू हातात दिली. आई झोपली. टप्. टप्.

"पास," भाचा म्हणाला. पण टेम्पोला काही परत पाठवलं नाही.

"मग खोकी परत ने," काका म्हणाले.

"मामा, डोळ्यांचं झालं. पण ती एकटी असते. पडली म्हणजे? रात्री काही झालं म्हणजे? तुम्हाला ताप आला तेव्हा तिने कोणाला सांगितलंसुद्धा नाही. मी तिकडे झोपू कसा?" तपासणी विभागातला तो माणूस एकदम आठ वर्षांचा दिसायला लागला. काकांच्या जिभेवर चार खरमरीत वाक्यं आली होती, ती त्यांना गिळावी लागली. कारण पोरगं घाबरलेलं होतं, आणि त्याला फाइलीने काय होणार?

अक्का पलंगावर उठून बसली. उशीखालून तिने चार कागद काढले. भाच्यानेच पाठवलेल्या गठ्ठ्यातले फॉर्म होते ते; कुरियरवाला गठ्ठा तिच्याच दारात ठेवून गेला होता. काकांनी हाती आल्याबरोबर मोजले होते आणि चार कमी भरले म्हणून कुरियरवाल्याशी भांडलेही होते. अक्षर मोठं, कापरं, पण रकान्याबाहेर कुठे गेलेलं नव्हतं.

"हे घे," ती म्हणाली. "तपास."

भाच्याने मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "वस्तूचं नाव: आईला अकराव्या मजल्यावर हलवणे. गरज कोणाची: मुलाची. वापरणाऱ्या व्यक्तीने मागणी केली आहे काय: नाही. पूर्वी चाचणी झाली आहे काय: होय, दोन वर्षांपूर्वी, एकोणीस दिवस. निरीक्षण: दिवसभर बोलायला कोणी नाही. सहाव्या दिवसापासून वापरणारी व्यक्ती लिफ्टमध्ये मजला सांगणाऱ्या रेकॉर्डमधल्या बाईला 'हो गं' म्हणू लागली. संभाव्य इजा: मन उडणे. गंभीरता: फार. किती वेळा: रोज, सकाळी नऊ ते संध्याकाळी सात."

काकू खिडकीकडे बघत होत्या.

शेवटच्या पानावर उपाय होते. तेही तिने क्रमाने लिहिले होते. पडल्यास: दार रस्त्यावर, हाक मारल्यास सात माणसं येतात, नावं सोबत जोडली आहेत. थेंब चुकल्यास: यापुढे लपवणार नाही, त्याच दिवशी फोन करीन, ही माझी चूक होती. आणि सर्वांत खाली: मुलाला भीती वाटल्यास: त्याने महिन्यातून एकदा येऊन दोन दिवस राहावं. खोकी आणू नयेत.

भाचा खाली बसला, आईच्या पलंगाला टेकून, जमिनीवर. खिशातलं पेन काढलं. निर्णयाच्या रकान्यात त्याने लिहिलं, 'नापास. योजना रद्द.' कारणाच्या रकान्यापाशी त्याचं पेन थांबलं. काका मान लांब करून बघत होते. काकूंनी त्यांचा सदरा धरून मागे ओढलं. भाच्याने डोळे पुसले आणि लिहिलं: 'वापरणाऱ्या व्यक्तीला आधी विचारलं नव्हतं.' खाली सही केली.

अक्काने कागद हातात घेतला. चष्मा नाकावर सरकवून तिने सगळं सावकाश वाचलं, सहीसकट. मग कापऱ्या हाताने त्याच्या केसांतून बोटं फिरवली.

"अक्षर काही सुधारलं नाही बघ तुझं," ती म्हणाली.